रक्ताची एक कुपी

पुण्याच्या कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ रोजी पहाटे एक भरधाव मोटार एका मोटारसायकलीवर जाऊन आदळली. मोटारसायकलीवरील तरुण आणि तरुणी, दोघेही चोवीस वर्षांची, दोघेही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यास आलेली, प्राणास मुकली. मोटार परदेशी बनावटीची, अतिशय महागडी, आणि तिची नोंदणीही झालेली नव्हती. ती चालविणारा मुलगा अठरा वर्षांच्या आतला होता आणि मित्रांसमवेत मद्य पिऊन निघाला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्यास जामीन दिला. जामिनाच्या अटींत रस्त्यावरील अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती.

त्या निबंधाने देश खवळून उठला. गृहपाठ चुकविणाऱ्या मुलास मास्तर जे काम सांगतात, ते दोन जिवांच्या संदर्भात सांगितले गेले, हे कोणासही रुचण्यासारखे नव्हतेच. परंतु त्या प्रकरणातील खरी भयंकर गोष्ट निबंध ही नव्हे. निबंधाचा आदेश उघडपणे दिलेला होता. तो सर्वांस दिसला, सर्वांनी त्याची निर्भर्त्सना केली, आणि थोड्याच दिवसांत मंडळाने तो बदलून मुलास निरीक्षणगृहात पाठविले. पुढे उच्च न्यायालयाने त्यास तेथून मुक्त केले, तो भाग वेगळा. उघड्यावर झालेली चूक उघड्यावर दुरुस्त करता येते. इस्पितळातील एका बंद खोलीत रक्ताच्या एका कुपीचे जे झाले असा आरोप आहे, ते मात्र कोणासच दिसले नव्हते.

मुलाच्या रक्ताचा नमुना अपघातानंतर कित्येक तासांनी घेतला गेला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो टाकून देण्यात आला आणि त्याच्या जागी दुसऱ्याच व्यक्तीचे रक्त कुपीत भरून, तीवर मुलाचे नाव घालून, ती तपासणीस धाडण्यात आली. त्या रक्तात मद्याचा अंश सापडणे शक्यच नव्हते. पोलिसांनी दुसऱ्या इस्पितळात मुलाचा आणखी एक नमुना घेतला होता, म्हणूनच वंशसूत्रांच्या चाचणीत दोन्ही नमुने एका माणसाचे नाहीत हे उघडकीस आले. एरव्ही पहिला अहवाल खराच मानला गेला असता. या आरोपावरून २७ मे २०२४ रोजी दोन डॉक्टरांस अटक झाली. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. पण एवढे तरी त्या घटनेने सर्वांस शिकविले की अशा खटल्याचा निकाल पुष्कळदा न्यायालयात लागतच नाही. तो पहिल्या काही तासांतच लागून गेलेला असतो.

असे का व्हावे? श्रोतेहो, कारण अगदी साधे आहे. चाकूने केलेल्या जखमेची खूण राहते, खोट्या सहीचा कागद राहतो. पण मद्य हा असा पुरावा आहे की तो आरोपीच्या देहातच असतो आणि घटकेघटकेला त्याचे यकृत तो नाहीसा करीत असते. मनुष्याच्या रक्तातील मद्य दर तासाला साधारणपणे शंभर मिलिलिटरमागे पंधरा मिलिग्रॅम या गतीने कमी होते. कोणाचे थोडे कमी, कोणाचे थोडे अधिक. कायद्याने वाहन चालविणाऱ्यास घालून दिलेली मर्यादा आहे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. आता हिशेब करून पाहावा. पहाटे अडीच वाजता एखाद्याच्या रक्तात एकशेवीस मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या चौपट मद्य आहे. साडेआठला ते तीसच्या आसपास येते, आणि साडेदहाला रक्त घेतले तर तो मनुष्य व्रतस्थासारखा निर्मळ ठरतो! नमुना बदलण्याचे पापही मग कोणास करावे लागत नाही. नुसता उशीर पुरतो.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. परंतु सरकारी अहवालात मद्यपी चालकांमुळे झालेले मृत्यू मात्र सुमारे ४,२०० एवढेच, म्हणजे शंभरांत अडीच आहेत. शनिवारी रात्री कोणत्याही हमरस्त्याच्या कडेला तासभर उभे राहिलेल्या माणसाचा या आकड्यावर विश्वास बसणे कठीण आहे. ज्याची चाचणी झाली नाही तो मद्यपी म्हणून मोजलाच जात नाही, हेच या अल्प आकड्याचे मोठे कारण असले पाहिजे.

'तोंडाला दारूचा वास येत होता, सगळ्यांनी पाहिले', असे घटनास्थळी जमलेले लोक म्हणतात आणि एवढे पुरेसे आहे असे त्यांस वाटते. ते पुरेसे नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तोंडाचा वास, झोकांड्या, अडखळते बोलणे एवढ्यावरून मनुष्य मद्याच्या अमलाखाली होता असे निश्चित म्हणता येत नाही. रक्ताची किंवा लघवीची तपासणी हवी. म्हणून ती कुपी एवढी मोलाची. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मद्यपी चालकास पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात, आणि अशी अटक केल्यापासून दोन तासांच्या आत त्याची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसू नये, कुपीत सोडियम फ्लोराइड घातलेले असावे, ती मोहोरबंद करून तीवर वेळ लिहावी, आणि कोणाच्या हातून कोणाच्या हाती ती गेली याची नोंद राहावी. या साऱ्या बारीकसारीक बाबी दिसतात, पण बचावाचा कुशल वकील नेमक्या याच बाबींवर बोट ठेवून आरोपीस सोडवून नेतो.

ज्या घरी अपघाताची बातमी येते, त्या घराने अशा वेळी काय करावे? रडावे, की कुपीची चौकशी करावी? हा प्रश्न निर्दय आहे खरा. आई शवागाराच्या दारात बसलेली असते, बाप एका रात्रीत खचलेला असतो, आणि कायद्याची अपेक्षा अशी दिसते की त्याच क्षणी कोणीतरी डोके थंड ठेवून कागद गोळा करावे. पण घरात किंवा शेजारात एक तरी माणूस असा निघतो. एखादा चुलता, मेहुणा, शाळेतला मास्तर, वाड्यावरचा एखादा पंच. त्याने पोलीस ठाण्यावर जाऊन एकच प्रश्न शांतपणे विचारावा: चालकाचे रक्त किती वाजता घेतले? आणि उत्तर मिळो वा न मिळो, तोच प्रश्न एका अर्जात लिहून, अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्यावी. तारीख आणि वेळ घातलेली ती पोहोच पुढे दोन वर्षांनी साक्षीदाराचे काम करते. फिर्यादीची प्रत पीडितास विनामूल्य मिळण्याचा हक्क नव्या फौजदारी संहितेत स्पष्ट लिहिलेला आहे. आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत पोलिसांनी स्वतः कळविले पाहिजे, असेही तीत आहे. गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही, ही सबबही आता कोणत्याही ठाण्यास सांगता येत नाही. जेथे फिर्याद द्याल तेथे ती घेतली गेली पाहिजे.

रक्त हुकले तरी सर्वच हुकले असे नाही. मद्यगृहाचे बिल, तेथील कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे, पेट्रोल पंपावरील आणि टोलनाक्यावरील कॅमेरे यांतून रात्रीचा प्रवास जुळविता येतो. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी असा पुरावा गोळा केला. परंतु हे कॅमेरे जुने चित्र पुसून त्यावर नवे उमटवीत असतात. दुकानदारास आठवड्याने विचारले तर तो खांदे उडवितो, आणि तो खोटे बोलत असतो असेही नाही.

गोमंतकीयांस ६ ऑगस्ट २०२३ चा बाणस्तारी पुलावरील अपघात आठवत असेल. एका आलिशान मोटारीने अनेक वाहनांस धडक दिली आणि तिघांचा प्राण घेतला. त्यांत दुचाकीवरचे दिवाडी बेटावरील एक जोडपे होते. चालक दारूच्या नशेत होता असा आरोप पोलिसांनी ठेवला. तेथे तर प्रत्यक्ष मोटार कोण चालवीत होते, यावरूनच वादळ उठले. दिवाडीचे ग्रामस्थ एकत्र येऊन जाब विचारू लागले. असे गाव पाठीशी उभे राहणे हे प्रत्येकाच्या नशिबी नसते. परगावी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराचा मुलगा मेला तर पोलीस ठाण्याच्या पायरीवर त्याच्यासाठी कोण उभे राहणार?

आता कलमांविषयी थोडेसे, कारण येथे सामान्य माणसाची फार फसगत होते. अपघात झाला, चालक पकडला गेला, आणि संध्याकाळी तो जामिनावर सुटून घरी आला, असे पाहिले की मृताच्या घरचे म्हणतात, 'संपले, त्याने पैसे चारले.' पुष्कळदा तसे नसते. निष्काळजीपणाने मृत्यू घडविणे हा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हा तेथे हक्कच आहे. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४-अ खाली त्यास फार तर दोन वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत गेली. याहून वरचा गुन्हा म्हणजे सदोष मनुष्यवध. आपल्या कृत्याने माणूस मरू शकेल याची जाणीव असूनही ते कृत्य करणे, असा त्याचा आशय. त्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तो जामीनपात्र नाही, आणि खटला सत्र न्यायालयापुढे चालतो. तेव्हा जामीन मिळाला की नाही यावर अश्रू ढाळण्यापेक्षा पहिल्याच दिवशी फिर्यादीत कलम कोणते घातले, हे पाहणे अधिक अगत्याचे.

या दोन कलमांतील अंतर मुंबईच्या कार्टर रोडवरील खटल्याने जसे दाखविले तसे दुसऱ्या क्वचितच. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे तेथे पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार चढली; सात मेले, आठ जखमी झाले. ते मजूर दुचाकीवर नव्हते, अंथरुणात होते, एवढाच फरक. चालकाच्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे एकशेबारा मिलिग्रॅम मद्य निघाले. सत्र न्यायालयाने त्यास निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांची कैद दिली. सात जिवांस सहा महिने! लोकक्षोभ झाला, उच्च न्यायालयाने दखल घेतली, त्याच २००७ सालात सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची शिक्षा दिली, आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पिऊन बेफाम वाहन हाकणाऱ्यास परिणामांची जाणीव होती असे धरता येते, हे सूत्र तेथे पक्के झाले. आणि ते पक्के झाले याचे एक कारण, त्या पहाटे कोणीतरी रक्ताची कुपी नीट भरली होती.

आता पैशाचा विषय. तो काढणे अनेकांस अभद्र वाटते. 'पोराच्या जिवाचे पैसे घेऊन आम्ही काय सुखाचा घास खाणार आहोत?' असे म्हणणाऱ्या आया आपल्या समाजात आहेत, आणि त्यांच्या या बोलण्यात एक स्वाभिमान आहे. परंतु दोन प्रकारच्या पैशांत भेद केला पाहिजे. एक पैसा रात्रीच्या वेळी पाकिटातून येतो. चालकाचा कोणी नातलग, बरोबर गावातला कोणी वजनदार गृहस्थ, चहा झाल्यावर हळूच म्हणतो, 'झाले ते झाले, गेलेला काही परत येत नाही, मिटवून टाका.' निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याचा गुन्हा असा आपसांत मिटविता येत नाही. तो खटला सरकारचा असतो, घराचा नव्हे. त्या पाकिटाच्या बदल्यात घरचे देतात ते फक्त आपले मौन. दुसरा पैसा मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाकडून येतो, दिवसाढवळ्या, निकालपत्रासह. तो मृताच्या जिवाची किंमत नव्हे. तो मृताने घरी आणला असता त्या पगाराचा हिशेब आहे, आणि तो सोडणे म्हणजे गुन्हेगाराचे ऋण आपल्या नातवंडांच्या डोक्यावर ठेवणे.

हा हिशेब कसा होतो हे ठाऊक असावे. समजा, अठ्ठावीस वर्षांचा एक वीजतंत्री मरण पावला; मागे बायको, दोन मुले आणि आई. महिना पंधरा हजार रुपये मिळवीत होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ सालच्या निर्णयांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे, स्वतंत्र धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसास पुढे वाढ झाली असती म्हणून शेकडा चाळीस मिळवितात: झाले एकवीस हजार. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: उरले पंधरा हजार सातशे पन्नास. वर्षाचे एक लाख एकोणनव्वद हजार. त्यास या वयासाठी ठरलेल्या सतरा या अंकाने गुणिले की बत्तीस लाख तेरा हजार होतात. शिवाय अंत्यविधी, सहवासाला मुकणे वगैरेंची ठरीव रक्कम निराळी. आता त्याच्या मिळकतीचा एकही कागद घरच्यांपाशी नाही आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने आठ हजार धरले, तर हाच आकडा सतरा लाख तेरा हजार सहाशेवर येतो. एका वहीअभावी पंधरा लाखांचा फरक! म्हणून त्याची बिलबुके, बँकेचे पुस्तक, गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या, काही फेकू नये. गृहिणी मेली तर तिची मिळकत शून्य धरावी हा जुना समजही न्यायालयांनी मोडून काढला आहे; तिच्या घरकामास मोल आहे.

फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला तरी दावा बुडत नाही. तेथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, येथे अधिक संभवनीय काय एवढेच पाहतात. १९८० सालीच सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला आहे. दुचाकीवर तिघे बसले होते, एवढ्यावरून मृताकडे दोष जात नाही, असे त्याच न्यायालयाने २०२० साली सांगितले. त्यामुळे अपघात घडला असे दाखवावे लागते. चालक प्यालेला असल्याने विमा कंपनी हात झटकू पाहते, पण कंपनीने आधी पीडितांस द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे, असे आदेश न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत. मारून पळून गेलेले वाहन सापडलेच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार मिळतात. २०२२ च्या आधी ही रक्कम अनुक्रमे पंचवीस हजार आणि साडेबारा हजारच होती.

सीमाभागातील लोकांस एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. बेळगावचा एखादा तरुण चोर्ला घाटाने गोव्यात कामावर जात असता गोव्याच्या हद्दीत मारला गेला, तर फौजदारी खटला गोव्यात चालेल. परंतु नुकसानभरपाईचा दावा त्याच्या घरच्यांस बेळगावातच दाखल करता येतो. अपघात जेथे झाला तेथे, दावेदार जेथे राहतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, असे तिन्ही मार्ग कायद्याने खुले ठेवले आहेत. इंदूरच्या आईबापांनी पुण्यास खेटे घालण्याचे कारण नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांस तेथे मिळकतीची अट न घालता विनामूल्य वकील मिळतो. मात्र दिवस मोजावे. १ एप्रिल २०२२ पासून असा दावा अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत दाखल करण्याची अट कायद्यात पुन्हा घातली गेली आहे. तिच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण त्या निकालावर विसंबून घरी बसणे शहाणपणाचे नव्हे.

खटल्याच्या तारखा पडत राहतात. सरकारी वकिलाच्या मदतीस आपला वकील देण्याचा, आणि आरोपी सुटला किंवा हलक्या गुन्ह्याखाली शिक्षा झाली तर अपील करण्याचा अधिकार पीडितांच्या वारसांस आहे. तो फार थोडे लोक वापरतात. दरम्यान ती मोडकी मोटारसायकल पोलीस ठाण्याच्या आवारात गंज खात पडलेली असते, आणि बापाला दर तारखेस तिच्याजवळून जावे लागते. दाव्याचा निकाल लागला की रक्कम एकदम हाती येत नाही. अज्ञान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत मुदतीच्या ठेवीत बँकेत ठेवण्याचा आदेश न्यायाधिकरण बहुधा देते, आणि त्याचे व्याज आईच्या खात्यावर जमा होते. त्या ठेवीच्या पावत्या आणि निकालाची प्रमाणित नक्कल एकत्र, कोरड्या जागी ठेवाव्या. बँक बदलताना किंवा मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्या दोन्ही पुन्हा मागितल्या जातात.